माथ्यावरचा घाम, पायथ्याचे पाणी

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटर पाणी पडते. हजार हेक्टर शिवाराचे एखादे मध्यम गाव घ्या आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा. माण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर या पट्ट्यात तो साधारण तेवढाच होतो. म्हणजे या गावाच्या शिवारात वर्षभरात ५०० कोटी लिटर पाणी पडते. गावात दोन हजार माणसे असली आणि माणशी रोज ५५ लिटर द्यायचे ठरवले, तर वर्षाला चार कोटी लिटर लागतात. पडलेल्या पावसाचा एक टक्कासुद्धा नाही. तरीही मार्च लागला की याच गावात टँकरच्या वाटेवर हंड्यांच्या रांगा लागतात.

हा हिशेब ऐकणारा माणूस साहजिकच विचारतो, मग हे पाणी जाते कुठे? या पुस्तकाच्या पहिल्या भागात त्याचे सविस्तर उत्तर आहे. दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात: अडवलेले पाणी जाते कोणाकडे? पाणलोटाचे काम टिकणार की दहा वर्षांत मोडणार, हे माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नावर ठरते. म्हणून प्रस्तावनेची बरीच जागा मी त्यालाच देणार आहे.

पण आधी पायाखालचा खडक. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसॉल्टवर वसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांचा हा खडक. नदीकाठच्या गाळात किंवा वाळूत पाणी जसे भरून राहते, तसे ते यात राहत नाही. वरची माती, तिच्याखालचा मुरूम, मुरमाखालचा फुटका-भेगाळ खडक आणि दोन थरांच्या सांध्यावरची सच्छिद्र पट्टी, एवढ्याच जागी ते थांबते. त्याखाली घट्ट पाषाण लागला की जागा संपली. एका विहिरीला सहा परसांवर बारमाही झरा असतो आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते, ते याच कारणाने. या प्रदेशात पावसाचा साधारण दहावा हिस्सा, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी, भूजलापर्यंत पोचतो. आपल्या हजार हेक्टरांच्या गावात तो फार तर ५० कोटी लिटर भरेल. उरलेल्यातले काही पिकाला ओल म्हणून मिळते, काही वाफ होऊन जाते आणि बोडक्या माळावर पडलेले थेट ओढ्याला लागते. जाताना ते माती घेऊन जाते. माती जाणे हे पाणी जाण्याहून मोठे नुकसान आहे. पाऊस पुढल्या मृगाला पुन्हा येण्याची आशा असते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

पाऊसही इथे शिस्तीत येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माणच्या माळावर तो पाचशेच्या आतबाहेर उरतो. तोही मोजक्या दिवसांत पडतो. जूनमध्ये एखादी जोराची सर, मग महिनाभराचा खंड, मग परतीचा पाऊस दोन रात्रींत वर्षाची कसर काढणार. अशा पावसात शेत वाचवायचे तर पाण्याचा वेग माथ्यावरच मोडावा लागतो. पायथ्याला कितीही मोठी भिंत घातली, तरी तिथवर आलेले पाणी गाळ घेऊनच येते आणि चार पावसाळ्यांत तलाव गाळाने भरतो.

हे शहाणपण आपल्याकडे नवे नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, सरकारला सुचवले होते की पलटणीतली आणि पोलीस खात्यातली माणसे लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळेल. पाण्याने आधी जमिनीत जावे आणि मग ओढ्यात, हा क्रम त्यांनी नेमका पकडला होता. सरकारने बांधबंदिस्तीचा कायदा केला तो १९४२ साली. त्यानंतर सोलापूर, नगर, विजापूर या दुष्काळी भागांत मैलोनमैल बांध पडले. पण ते शेतागणिक, नकाशावर रेषा ओढून पडले. माथ्यावरच्या गायरानाकडे आणि वनजमिनीकडे कोणी पाहिले नाही, त्यामुळे वरून आलेल्या लोंढ्याने खालचे बांध फुटत राहिले. शेतकऱ्याला बांध म्हणजे सरकारने आपल्या रानात घातलेली अडचण वाटू लागली, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

१९७२ च्या दुष्काळाने सगळे हलवले. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर आली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या या लोकांत बाया निम्म्याहून कमी नव्हत्या. त्यांनी बांधलेले पाझर तलाव आजही गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या खालच्या विहिरींवर आजही रान पिकते. ज्यांच्या डोक्यावरच्या पाटीने ते तलाव उभे राहिले, त्यांच्यापैकी फार थोड्यांची त्या विहिरींखाली जमीन होती. या पुस्तकाचा विषय मला इथे सुरू होताना दिसतो.

१९८३ पासून राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा शेताऐवजी पाणलोट हे कामाचे एकक झाले. एका ओढ्याला ज्या ज्या उतारावरून पाणी येते तो सगळा टापू एकत्र धरायचा आणि काम माथ्यावरून सुरू करून पायथ्याला आणायचे. डोंगरउतारावर सलग समतल चर, त्यांच्या भरावावर गवत आणि झाडे. घळीत अनगड दगडांचे बांध, जिथे पाण्याचा जोर जास्त तिथे जाळीचा बंधारा. मध्यावर शेतांची बांधबंदिस्ती. ओढ्यावर मातीचे नालाबांध, खाली सिमेंटचे. सगळ्यात शेवटी, आणि खडक पाहूनच, पाझर तलाव. चराचे काम दिसायला साधे असते, पण त्याची समपातळी हातभर चुकली तर पाणी चरात थांबण्याऐवजी चराच्या टोकाशी गोळा होते आणि तिथे नवी घळ पाडते. नळीने किंवा ए-फ्रेमने समपातळी काढायला गावातली शाळेची मुलेसुद्धा एका सकाळीत शिकतात. ती काढल्याशिवाय कुदळ मारू नये, एवढाच आग्रह पुस्तकाच्या तांत्रिक प्रकरणांत पुन्हापुन्हा आला आहे आणि तो योग्य आहे.

हे सगळे नीट झाले की पाणी खाली येते. ते खालीच येणार, उतार तसाच आहे. माथ्यावर कोण असते? गायरान, वनखात्याची जमीन, वाडीवरचे धनगर-ठाकर, इनाम-वतन गेलेल्यांच्या खडकाळ पट्ट्या. पायथ्याला कोण? काळ्या रानाचे, विहिरीवाले, मोटारवाले. चर खणणारे हात बहुतेक वरच्यांचे आणि भूमिहीनांचे, पाण्याची पातळी चढते ती खालच्यांच्या विहिरीत. वर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागते तेव्हा शेळी विकावी लागते ती वरच्यांना. पुढे दोन वर्षांनी कापून नेण्याजोगे गवत येते हे खरे, आणि ते येते तेव्हा फार सुंदर दिसते. पण त्या दोन वर्षांत शेळीवर घर चालवणाऱ्या विधवेने काय करायचे, याचे उत्तर काम सुरू होण्याआधी ग्रामसभेने द्यायला हवे. काही गावांनी माळ एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्याने बंद केला, मेंढपाळांसाठी वाट आणि पट्टा राखला, पहिले गवत भूमिहीनांना दिले. त्या गावांत बंदी टिकली. जिथे ती वरून लादली गेली, तिथे पहिल्याच उन्हाळ्यात रात्रीची चराई सुरू झाली आणि रोपे गेली.

पाणी कोणाचे, हा प्रश्न सर्वांत धीटपणे विचारणारा माणूस शेतकरी नव्हता. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते, अचूक मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्याचे मालक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली आणि त्यांचे आयुष्य बदलले. नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक, उताराची जमीन त्यांनी कराराने घेतली. वर ताली घातल्या, खाली पाझर तलाव, तलावाखाली विहीर, आणि विहिरीचे पाणी उचलून पुन्हा वरच्या रानाला. जमीन पिकू लागली तेव्हा गावाने विचारले की हे आम्हालाही करता येईल का. त्यावर साळुंख्यांनी ज्या अटी घातल्या त्यांना पुढे पाणी पंचायत म्हणून नाव मिळाले.

त्या अटी मी इथे सविस्तर सांगतो, कारण आज त्या ऐकल्या तरी अंगावर येतात. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. वीस एकरवाला असो की तीन एकरवाला, पाचजणांच्या घराला पाणी सारखेच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. ऊस घ्यायचा नाही. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाचीच, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी स्वतः उभा करायचा. पाणी वाटायला गटाने नेमलेला पाटकरी.

यातल्या एकेका अटीमागे विचार आहे. जमीन ही वारशाने, खरेदीने, कधी जुलमाने मिळालेली असते. पाऊस मात्र कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो. तो सगळ्या शिवारावर पडतो आणि सगळ्यांच्या श्रमाने अडतो, मग तो ज्याच्या रानाखाली जाऊन थांबला त्याच्या एकट्याचा कसा? भूमिहीन माणूस पाण्याचा वाटा घेऊन काय करील, असे तेव्हाही विचारले गेले. तो दुसऱ्याची कोरडवाहू जमीन वाट्याने करील आणि त्याच्याकडे पाणी असल्यामुळे बरोबरीने बोलेल, हे त्याचे उत्तर होते. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या पद्धतीच्या योजना पुरंदर आणि आसपासच्या भागांत उभ्या राहिल्या, काही चालल्या, काही वीजबिलात आणि भाऊबंदकीत थांबल्या. राज्याच्या धोरणाने त्यांचा गौरव भरपूर केला, पण अटी स्वीकारल्या नाहीत. महाराष्ट्राच्या जलसंधारणातली ही मला सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पाठबळावर १९८० च्या दशकाअखेर बळीराजा धरण बांधले. त्यांनी नदीतली वाळू मोजून विकली आणि त्यातून धरणाला पैसा उभा केला. तिथेही वाटपाचे तत्त्व तेच, भूमिहीनांसह सगळ्यांना सारखे पाणी. याच विचारातून पुढे दुष्काळी तालुक्यांची समन्यायी पाणीवाटपाची चळवळ वाढली. लहान पाणलोटापासून मोठ्या उपसा योजनेपर्यंत हा धागा एकच आहे, म्हणून पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले हे मला फार आवडले.

राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. राळेगणने १९७५ नंतर दाखवून दिले की पारनेरसारख्या तालुक्यातही पाणी उभे राहू शकते. हिवरेबाजारच्या चरांपेक्षा आणि बंधाऱ्यांपेक्षा मला तिथला ताळेबंद महत्त्वाचा वाटतो. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हे मोजून ग्रामसभेत मांडायचे. पिण्याचे पाणी, जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. उरलेल्यात रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे, आणि पाऊस कमी झाला असेल तर पेरा कमी करायचा. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी घ्यायची नाही, हे नियम त्याच ताळेबंदातून आलेले आहेत. नियम सरपंचाने सांगितले म्हणून पाळले जात नाहीत. आकडा सगळ्यांच्या समोर असतो आणि तो सगळ्यांनी मिळून मोजलेला असतो, म्हणून ते पाळले जातात.

ताळेबंद का लागतो, तेही आकड्यानेच पाहू. आपल्या गावात जमिनीत मुरलेले पाणी ५० कोटी लिटर धरले. पाटाने दिलेल्या उसाला, पावसाचे वजा जाता, हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागते. म्हणजे पंचवीस हेक्टर ऊस, शिवाराच्या अडीच टक्के जमिनीवर, सगळ्या गावाचे भूजल पिऊन टाकतो. ठिबकने हा आकडा बराच खाली येतो, पण ठिबक आले की वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागतो, हेही आपण पाहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या भागात साखर कारखाने किती होते आणि भोवतालच्या शिवारात बोअर किती खोल गेले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या गाडीचे आश्चर्य वाटले नाही.

गेल्या पंधरा वर्षांत कामाचा वेग वाढला आणि हिशेब मागे पडला. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करण्याचे काम गाजले. त्या तालुक्याचा मोठा भाग तापीच्या गाळाचा आहे, तिथल्या भूस्तराला ते मानवले. तोच उपाय बेसॉल्टच्या पठारावर सरसकट नेला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात माथ्यावरची कामेही होती, पण पोकलेनला डोंगरापेक्षा नाला सोयीचा पडतो. किती तास यंत्र चालले ते मोजता येते, फोटो चांगला येतो. जिथे मुरूम काढून टाकून खाली घट्ट पाषाण उघडा केला, तिथे पाणी साठलेले दिसले, पण मुरले नाही, आणि उन्हाने उडाले. कुठे त्याहून वाईट झाले: विहिरींना पाणी देणारा थरच नाल्यात उघडा पडला आणि बाजूच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरले. अभियानावर २०१९ पर्यंत साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि पुढच्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल वाढवण्याच्या उद्दिष्टात त्याचा परिणाम अल्प असल्याचे नोंदवले. यातून पाणलोटाचे काम निरुपयोगी, असा अर्थ काढणारे लोक मला भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे. काम माथ्यापासून झाले नाही आणि वापराला बंधन घातले नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

त्याच काळात, २०१६ पासून, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेने गावोगावच्या तरुणांना आणि बायकांना समपातळी काढायला, घळीचे माप घ्यायला शिकवले. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतून ती सुरू झाली. मे महिन्याच्या उन्हात शहरातून आलेल्या मुलांनी गावकऱ्यांबरोबर चर खणले. पाणलोट ही सरकारी कचेरीची गोष्ट नाही, हे लाखो लोकांना त्या श्रमदानाने कळले आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण ही स्पर्धा ४५ दिवसांची असायची. चराचा गाळ दर पावसाळ्याआधी काढावा लागतो, फुटलेला बांध त्याच आठवड्यात बुजवावा लागतो, आणि विहिरीतला उपसा बारा महिने चालतो.

शेततळ्यांविषयी पुस्तकात जे लिहिले आहे ते काहींना कडू वाटेल. पावसाचे वाहते पाणी धरणारे शेततळे वेगळे आणि प्लास्टिक अंथरून विहिरीतून, बोअरमधून भरून घेतलेले शेततळे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सगळ्या गावाचे जमिनीखालचे पाणी एकाच्या कुंपणात येते आणि तिथे उन्हाने उडते. द्राक्ष-डाळिंबाचा बागायतदार म्हणतो, माझी बाग वाचवायला दुसरा मार्ग नाही. त्याचा जीव त्या बागेत आहे, त्याच्यावर कर्ज आहे, मी त्याला दोष देत नाही. पण शेजारच्या कोरडवाहू घराचा आड त्याच महिन्यात आटतो, आणि ग्रामसभेत या दोघांना समोरासमोर बसवणारी जागा नसेल तर बांधलेल्या सगळ्या बंधाऱ्यांचा लाभ ज्याची मोटार मोठी त्यालाच होतो.

कायदा आहे. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असे १९९३ च्या कायद्याने सांगितले. २००९ चा भूजल अधिनियम त्याच्याही पुढे जाऊन पाणलोटनिहाय समित्यांची आणि पीक नियोजनाची भाषा करतो. पण रात्री दोन वाजता बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा तहसीलदार तिथे नसतो. शेजारी असतो. त्याला बोलण्याचे बळ ग्रामसभेच्या ठरावातून येते, आणि ठरावाला बळ सर्वांनी मिळून केलेल्या मोजणीतून.

म्हणून हे पुस्तक गावात काम करू पाहणाऱ्यांनी शेवटाकडून वाचायला सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे. शेवटच्या प्रकरणात विहिरींच्या नोंदवहीचा नमुना दिला आहे: विहिरीचा क्रमांक, मालक, खोली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली पातळी, जानेवारीतली, मेअखेरची, मोटारीची अश्वशक्ती, भिजणारे क्षेत्र, पीक. सोबत शाळेच्या आवारात बसवायच्या पर्जन्यमापकाचा तक्ता आहे. एका गावाला ही वही भरायला दर खेपेला फार तर तीन-चार दिवस लागतील, आणि ती भरताना माथ्यावरच्या वस्तीतली बाईमाणसे सोबत असावीत, कारण कोणत्या महिन्यात कोणता झरा आटतो ते त्यांना पाठ असते. वही पूर्ण झाली की ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि वाटपाच्या अटी लिहून घ्याव्यात: पिण्याचे किती राखायचे, उपसा कधी थांबवायचा, माळ बंद झाल्यावर गवतात पहिला हक्क कोणाचा, भूमिहीनांचा पाण्यात वाटा किती. अटींवर सह्या आणि अंगठे झाल्यावर पहिल्या प्रकरणाकडे वळावे आणि नळी घेऊन माथ्यावर जावे.